गांधील

नावात गांधी असले तरी गांधीलमाशीचा अहिंसेशी काडीचा संबंध नाही. तिचं नातं आपल्या अंगावर उठणाऱ्या गांधींशी.

लोक तिला मधमाशीच्या पंक्तीला बसवतात, हे काही खरं नाही. मधमाशीच्या नांगीला उलटे काटे. ती आपल्या कातडीत अडकते आणि बिचारी पोट फाटून मरते. एका डंखापायी सरळ हौतात्म्य! गांधीलमाशीला असल्या त्यागाची हौस नाही. तिची नांगी सुईसारखी आत जाते, सुईसारखी बाहेर येते. एकदा डसून समाधान झालं नाही, तर ती पुन्हा डसायला मोकळी.

आणि डसते ती मादीच. नांगी म्हणजे मुळात अंडी घालायची नळी. नराला ती असणार कुठून? काही जातींचे नर पकडले गेले तर शेपूट टोचल्याचा नुसता अभिनय करतात. (दारात भांडण आलं की आतून खाकरणारे एक-दोन गृहस्थ मला ठाऊक आहेत.)

जस्टिन श्मिट या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञानं नाना जातींचे डंख सोसून वेदनेची चार पायऱ्यांची मोजपट्टी केली. मायकेल स्मिथ या दुसऱ्यानं २०१४ साली, डंख कुठं जास्त झोंबतो हे ठरवायला, अंगावरच्या २५ जागी मधमाश्या डसवून घेतल्या. पहिला नंबर नाकपुडीचा आला. आपल्याकडे ओढा औषधाकडे. घरात जितकी माणसं तितके उपाय: लोखंड घास, चुना लाव, कांदा चोळ. साध्या डंखाला साबण-पाणी आणि बर्फ पुरतो. पण अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला, धाप लागली, तर विळा शोधत बसू नये. तडक इस्पितळ गाठावं. अशा माणसाच्या जिवावर एक डंखही बेततो.

एरवी फुलावर भेटलेली गांधीलमाशी आपल्या वाटेला जात नाही. तिचा सारा राग पोळ्यापाशी. तिथं धक्का लागला की खलास. आणि एकीला चपलेनं चिरडलंत तर विषाच्या वासानंच बाकीच्यांना वर्दी जाते.

आमच्या गॅलरीत, कपड्यांच्या दांडीलाच, त्यांनी लाकूड चघळून केलेल्या कागदाचं पोळं टांगलंय. ही म्हणते, जाळा. मी म्हणतो, आपण होऊन जातील. तूर्त कपडे मोरीत वाळतात.