पुरेल एवढे

गेल्या श्रावणात एके सकाळी आमच्या संगणकाची दृष्टी गेली. आदल्या रात्री मी कादंबरीचे अकरावे प्रकरण अर्ध्यावर टाकून झोपलो होतो. सकाळी बटण दाबले, आतला पंखा नेहमीप्रमाणे घरघरला, आणि पडद्यावर हिरव्या-जांभळ्या उभ्या पट्ट्या उमटल्या. जणू कुणी पैठणीचा काठच दोरीवर वाळत घातला आहे. थोड्या वेळाने पट्ट्याही गेल्या आणि निव्वळ काळोख उरला.

माझी पहिली चिंता अकराव्या प्रकरणाची. मुलगा बारावीत आहे. त्याने पेटीचे झाकण काढले, आतले एक कार्ड उपसून त्याच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवले, ते पुन्हा बसवले. काही उपयोग झाला नाही.

"बाबा, कादंबरी शाबूत आहे," तो म्हणाला. "ती हार्ड डिस्कवर आहे. गेलंय ते ग्राफिक्स कार्ड. आत सगळं आहे, फक्त दिसत नाही."

कादंबरीकाराला याहून ओळखीची अवस्था दुसरी कोणती असेल?

मी मॅट्रिक झालेला ड्रॉइंग मास्तर. दहावीला अजून मॅट्रिक म्हणणारा आमच्या वयाच्या लोकांत बहुधा मीच उरलो असेन. त्यामुळे चित्र काढणारे असे एक कार्ड असते, हे ऐकून मला उगीचच धंद्यातल्या माणसाविषयी वाटावे तसे वाटले. मुलाने हिशेब समजावला. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येकाला त्याचा रंग द्यायचा, आणि तोही सेकंदाला ६० वेळा. पुष्कळ प्रोसेसरांत हे काम करणारा एक लहानसा भाग अंगचाच असतो. आमचा २०१३ साली घेतलेला आय-५ ३३५०पी. त्या नावातल्या शेवटच्या 'पी'चा अर्थच असा की, ही सोय त्यात नाही. घेताना तो थोडा स्वस्त पडला म्हणून मी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

"जीटी ७१० घ्या," मुलगा म्हणाला. "१९ वॅट खातं. तुम्हाला पुरेल."

'तुम्हाला' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. कारण रात्री मी झोपल्यावर त्या संगणकावर दुसरेच राज्य सुरू होते, हे मला ठाऊक होते. ब्लेंडर नावाचे एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. त्यात वस्तू घडवायच्या, त्यांवर प्रकाश सोडायचा, त्या हलवायच्या. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसने त्यावरच 'फ्लो' हा चित्रपट केला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. पुरात सापडलेल्या एका मांजराची गोष्ट. साऱ्या चित्रपटात संवादाचा एक शब्द नाही. मुलाने मला तो बळेच बसवून दाखवला होता. त्यानंतर महिन्याभराने त्याने आपले स्वतःचे काम दाखवले : माझ्या वडिलांच्या घराची पडवी, कोपऱ्यात तांब्याचा हंडा, कौलाच्या फटीतून आलेले ऊन. एवढे एक चित्र तयार व्हायला रात्र लागली होती. मी मास्तरी नजरेने चुका शोधू लागलो. पडवी जरा रुंद झाली होती. पण हंड्याची सावली जशी पडायला हवी तशीच पडली होती, आणि तिच्या कडेला तांब्याची किंचित लाली उतरली होती. वर्गावर्गांतून इतकी वर्षे ही लाली मी बोटाने दाखवीत आलो. ती दिसलेली मुले मोजायला एका हाताची बोटे पुरतील.

'पुरेल' हा आमच्या घराण्याचा शब्द. वडील मला बारा वड्यांची रंगपेटी आणून देत, तेव्हा म्हणत, "शाळेला पुरेल." त्या वड्यांतून कागदावर रंगापेक्षा खडूच अधिक उतरे. वडिलांवर रोष नाही. त्यांच्या पगारात तीही चैनच होती. पुढे जे. जे.त जायचे मनात होते, तेव्हाही हाच शब्द आला, आणि या खेपेला तो मीच उच्चारला. मास्तरकीला पदविका पुरेल. ती पुरलीही.

तेव्हा एका रविवारच्या दिवाळीखर्चातून पाच हजार बाजूला काढले आणि शनिवारी, शाळा सुटल्यावर, मुलाला न सांगता मुंबईला गेलो. बदलापूरहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून चालत लॅमिंग्टन रोड. या रस्त्याला डॉ. भडकमकरांचे नाव मिळूनही तो जुन्याच नावाने ओळखला जातो.

तिसऱ्या दुकानात एक बोलका गृहस्थ भेटला. त्याने आधी कार्ड दाखवलेच नाही. "मास्तर, पॉवर सप्लाय कोणता? त्यातून कार्डासाठी वेगळी वायर येते का?" मी चिठ्ठीवर लिहून नेले होते : नाही. "मग ज्या खाचेत कार्ड बसतं तिच्यातून ७५ वॅट मिळतात, त्याच्या आतच भागवायचं." शेजारी स्वस्तात पडलेल्या आरएक्स ५८० वर माझी नजर गेली होती. त्याने हात आडवा केला. "याला १८५ लागतात. शिवाय यातली बरीचशी इथेरियमच्या खाणीत राबलेली. सप्टेंबर २०२२ मध्ये तो धंदा एका दिवसात बंद झाला, आणि माल बाजारात आला."

मग त्याने नावांची गंमत सांगितली. जीटी १०३० हे एकच नाव, पण २०१७ साली निघालेल्या कार्डाची मेमरी एक आणि २०१८ साली निघालेल्याची दुसरी. दुसरीचा वेग पहिलीच्या सुमारे एक-तृतीयांश. खोक्यावर बारीक अक्षर वाचल्याखेरीज कळायचे नाही. वर्गात दोन 'सचिन' असले की आडनावावाचून जो घोटाळा होतो, तोच हा.

शेवटी जीटीएक्स १०५० टीआय ठरले. २०१६ चे, चार जीबीचे, वेगळी वायर न मागणारे, आणि अर्थात वापरलेले. बनवणाऱ्यांनी त्याचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहेत. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या मात्र २०२८ पर्यंत यायच्या आहेत. "निवृत्त झालंय, आजारी नाही," दुकानदार म्हणाला. "मुलाचं काम हळू होईल, पण होईल." मी ते दुकानातल्या संगणकावर अर्धा तास चालवून घेतले. पैठणीचा काठ कुठे दिसला नाही. साडेचार हजार मोजले.

घरी आल्यावर मी खोके टेबलावर ठेवले आणि काही न बोलता उभा राहिलो. मुलाने ते उघडले, कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिले. त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच त्याला हसू आले.

"बाबा, आपल्या मॉनिटरला जुनी व्हीजीएची वायर आहे. ती याला बसत नाही. ७१० ला ती खाच असते, म्हणून तर मी ते सांगितलं होतं!"

म्हणजे 'तुम्हाला पुरेल' या शब्दांत मी वाचले तितके काही नव्हतेच. निदान सगळे तेवढेच नव्हते. मी खुर्चीत बसलो. तो मात्र पायांत चपला सरकवून स्टेशनजवळच्या दुकानात पळाला, आणि बोटभर लांबीचा एक कन्व्हर्टर घेऊन आला. त्याचे पैसे त्याने सांगितले नाहीत, मीही विचारले नाही.

रात्री आठाच्या सुमारास पडद्यावर चित्र आले. मी अकरावे प्रकरण उघडले. शेवटचे वाक्य 'आणि'वर थांबले होते. ते पुढे कुठे न्यायचे होते, ते आठवीत मी बसलो, तोच पाठीमागून आवाज आला,

"बाबा, तुम्हाला अजून किती वेळ लागेल?"