कापशीचे हिवाळे

आमच्या निफाडच्या थंडीची बातमी होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा कुठवर उतरला, हे डिसेंबर-जानेवारीत सगळा नाशिक जिल्हा सकाळी पेपरात वाचतो. ५-६ अंश नेहमीचेच, काही वर्षी त्याहूनही खाली. आणि दुपारी त्याच अंगणात २७-२८ अंशांचं ऊन. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे ठिबक सोडतात, बांधाबांधाला शेकोट्या पेटवून बागेत धूर कोंडतात. गव्हाला मात्र हीच थंडी मानवते. आमच्या मळ्यात एका अंगाला बाग, दुसऱ्या अंगाला गहू आणि मध्ये घर. त्या घराच्या भिंतीला लागून कापशीचं खुराडं होतं.

कापशी न्यूझीलंड व्हाइट जातीची सशाची मादी. शुभ्र अंग, लाल डोळे. लेकीच्या हट्टापायी ह्यांनी ती नाशिकहून आणली, तेव्हा थंडीला नुकती सुरुवात झाली होती. एवढंसं नाजूक जनावर आमच्याकडच्या गारठ्यात कसं तगायचं, या काळजीनं मी सासऱ्यांना म्हटलं, “नाना, आत एखादा बल्ब लावू या का?”

नानांचा जन्म बैल-शेळ्यांत गेलेला. ते म्हणाले, “बल्ब कशाला, सूनबाई? वायर कुरतडली तर जीव जाईल तिचा. जनावराची ऊब जनावराच्या अंगातच असते. आपण वारा अडवायचा अन् बूड कोरडं ठेवायचं.”

पुढची सगळी वर्षं मी हे वाक्य पारखत गेले आणि ते दर हिवाळ्यात खरं ठरलं.

खुराडं नानांनी स्वतः केलं. जमिनीपासून कमरेइतकं उंच, कारण खाली ओल असते आणि रात्री घुशी फिरतात. कोंबड्यांची पातळ जाळी कुत्रं दातानं फाडतं, म्हणून जाड वेल्डेड जाळी. त्यातही निम्म्या तळाला फळी, कारण सशाच्या पावलांना कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते. नुसत्या जाळीवर बसून बसून टाचा सोलवटतात. आमच्याकडे हिवाळ्यात वारं उत्तरेकडून येतं, म्हणून उत्तरेला घराची भिंत आणि खुराड्याचं तोंड आग्नेयेला. त्यामुळे सकाळचं पहिलं ऊन थेट आत यायचं. एका कडेला फळ्यांनी बंद केलेला छोटा कप्पा, कापशी आत शिरून वळू शकेल एवढाच. जागा जितकी मोठी तितकी ती अंगाच्या उबेनं तापायला वेळ लागतो. वरच्या पत्र्यावर उसाचं पाचट पसरलं. नुसत्या पत्र्याला पहाटे आतून दव सुटतं आणि ते टपटप जनावराच्या अंगावर पडतं.

गोदाकाठच्या उसात बिबट्याचा वावर असतो. म्हणून अंधार पडला की अंगणाचं फाटक लावायचं आणि खुराड्यावर गोणपाटाचे पडदे सोडायचे. पडद्यांनी वारं थांबायचंच, शिवाय बाहेरचं कुत्रं-मांजर तिच्या नजरेला पडायचं नाही. ससा नुसत्या भीतीनंही दगावू शकतो, त्याला दात लागायची गरज नसते. मात्र पडद्याच्या वर चार बोटं फट आम्ही कायम मोकळी ठेवली. थंडीच्या धास्तीनं प्लास्टिकचा कागद चहूबाजूंनी गुंडाळावा असं शेजारपाजारचे सुचवायचे. पण सशाच्या मुतात अमोनियाचा उग्र दर्प असतो. कोंडलेल्या हवेत तो छातीत जातो, शिंका सुरू होतात, नाक वाहू लागतं, आणि हा आजार थंडीपेक्षा वाईट. रोज सकाळी ओला पेंढा काढून कोरडा भरायचा, हे काम माझं. चादरी, जुनी लुगडी मी कधी घातली नाहीत. कापड ओल धरून ठेवतं आणि दोरे पोटात गेले तर आतडी अडकतात. इगतपुरीकडून येणारा भाताचा पेंढा सर्वांत चांगला. पोकळ काड्यांत हवा राहते, आणि कापशी त्यात नाकानं पोखरून स्वतःची खोली तयार करायची.

तिची थंडी मला तिच्या कानांवरून कळायची. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता कमी-जास्त करायचं काम त्याचे कान करतात. दुपारी उन्हात ती पाय पसरून पडली की कान ताठ उभे राहायचे आणि उजेडात त्यातल्या रक्तवाहिन्या लाल धाग्यांसारख्या दिसायच्या, मधली जाड शीर आणि तिला फुटलेले बारीक फाटे. पहाटे तेच कान पाठीवर चपटे झोपवलेले. धागे जणू आत ओढून घेतलेले, कातडी फिकी आणि हाताला गार. लेक घाबरायची, “आई, कान बर्फ झालेत गं!” मग मी तिचा हात कापशीच्या पोटाखाली सरकवायचे. तिथे भट्टी पेटलेली असायची. सशाच्या अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश, म्हणजे माणसाच्या हिशेबात तापच. कान गार पडले की समजायचं, तिनं आपली ऊब आत राखून ठेवली आहे. पोट गार लागलं तर मात्र धावपळ करायची.

ती भट्टी गवतावर चालते. सशाच्या पोटात आंधळ्या आतड्याची मोठी पिशवी असते, तिथे चारा आंबतो आणि त्या आंबण्यातूनही उष्णता सुटते. म्हणून संध्याकाळी वाळलेलं गवत दाबून भरायचं, पहाटेपर्यंत संपणार नाही इतकं. हिरवा लसूणघास तिला जीव की प्राण, पण तो मूठभरच. दात जन्मभर वाढत राहतात, तेही या खरबरीत गवतानंच झिजतात. सशानं अर्धा दिवस तोंड हलवलं नाही तर ते संकट समजावं. सकाळी पेंढा बदलताना मी आधी लेंड्या बघायचे, मग तिला हाक मारायचे.

२०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली. काढणीला आलेल्या बागा झोडपल्या गेल्या. आमच्याकडे वाऱ्यानं खुराड्याचा पत्राच उचलला. नाना गारांतून धावत गेले आणि कापशीला सदऱ्याखाली धरून घरात आले. ती कातडीपर्यंत भिजली होती. थरथरतही नव्हती, आणि तेच वाईट लक्षण. तिची लव इतकी दाट की वरून टॉवेल फिरवून आत काहीच पोचेना. आम्ही दोघांनी कोरडी फडकी बदलत बदलत, केस उलटे सारत तिला पुसलं. चुलीपाशी नेऊ दिलं नाही नानांनी. एकदम धग दिली तर जीव सोसत नाही, म्हणाले. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीला ठेवली आणि दूर सरकायला जागा मोकळी सोडली. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आधी अंग तापू द्या, मगच खायला द्या. गारठलेल्या पोटात चारा पुढे सरकत नाही. रात्री उशिरा तिनं बाटलीपासून स्वतःहून अंग काढून घेतलं आणि गवताची काडी ओढली. त्या वर्षी बागेतून हाती काही लागलं नाही, पण त्या रात्री नाना समाधानानं जेवले.

तिच्या एका हिवाळ्यानं मात्र आम्हा सगळ्यांना थक्क केलं. राख्या नावाचा करडा नर तिच्या जोडीला आणला होता. सशाचा गाभणकाळ महिनाभराचा, ३१ दिवसांच्या आसपास. ऐन जानेवारीत एका दुपारी कापशी तोंडात पेंढा भरून कप्प्यात नेऊ लागली. मग तिनं मान खाली घातली आणि स्वतःच्या छातीची, पोटाची लव दातांनी उपटायला सुरुवात केली. पुंजकेच्या पुंजके, न थांबता. उघड्या पडलेल्या गुलाबी कातडीवर स्तनाग्रं दिसू लागली. सकाळी त्या पांढऱ्या ढिगात हालचाल होती. पिलं अंगठ्याएवढी, बिनकेसांची, डोळे मिटलेली, एकमेकांच्या अंगाखाली शिरणारी. बाहेर ६ अंश आणि ढिगात बोट घातलं तर ऊनऊन. राख्याला त्याच दिवशी वेगळं केलं, कारण मादी व्याली की लगेच पुन्हा गाभण राहू शकते.

“ही पिलांजवळ बसतच नाही,” म्हणून आजेसासूबाई हळहळत होत्या. सशाची आई दिवसातून एक-दोनदाच येते, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. सतत जवळ राहिली तर तिच्या वासानं शिकारी तिथे येईल, ही रानातली शहाणीव तिच्या रक्तात आहे. ऊब तिनं लवेच्या रूपानं मागे ठेवलेली असते. आम्ही दिवसातून एकदाच ढीग जरा बाजूला करून पोटं बघायचो. टरारलेली असली की झालं. एक पिलू आईच्या स्तनाला चिकटून बाहेर आलं आणि फळीवर पडून गारठलं. लेकीनं त्याला तळहातांत, मग सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि हलू लागल्यावर भावंडांत परत ठेवलं. दहा-बारा दिवसांनी सगळ्यांचे डोळे उघडले, त्याचेही.

म्हातारपणी कापशीची लव विरळ झाली, सांधे आखडले. मग दिवाळीनंतर तिला ओसरीवर घ्यायचो आणि होळी होईपर्यंत तिथेच ठेवायचो. रात्री उबेत आणि दिवसा गारठ्यात अशी ने-आण सशाला बाधते. ती गेली ती वयानं, एका आश्विनात. थंडीनं तिला कधी हरवलं नाही.

आता त्याच खुराड्यात दोन बहिणी आहेत, एकमेकींना चिकटून झोपतात. कार्तिक लागला की गावातली मुलं विचारायला येतात, “काकू, सशासाठी हीटर कोणता घेऊ?” मी त्यांना नानांचं वाक्य सांगते आणि माझं एक जोडते: पहाटे उठून त्याच्या पोटाखाली हात घालून बघायची तयारी असेल, तरच ससा घरी आणा.