फळीवरचा ड्रमर

मंडळी, 'माजी विद्यार्थी' हा शब्द मोठा गमतीचा आहे. कॉलेजात होतो तेव्हा आम्हाला कुणी विद्यार्थी मानत नव्हतं. सर तर अजिबात नाहीत. आणि बाहेर पडून वीस वर्षं झाली, तरी पोस्टानं येणाऱ्या पत्रावर आम्ही अजून विद्यार्थीच, फक्त पुढे 'माजी' लावलेले. तर असा हा माजी विद्यार्थी, आणि त्याहून जास्त माजी गिटारवाला, डिसेंबर २०२४ मध्ये विश्रामबागला आपल्या कॉलेजात तीन दिवस राहून गेला. कारण काय, तर जुन्या बँडवाल्यांचं संमेलन. संपादक मंडळातल्या मुलीनं तेव्हाच बजावलं होतं, "सर, मराठी विभागासाठी काहीतरी द्याच." आम्ही काही लेखक नाही. पण त्या तीन दिवसांत जे घडलं ते तुमच्यापर्यंत पोचावं असं मनापासून वाटलं, म्हणून हा खटाटोप.

आधी आमच्या बँडविषयी. १९९९ ते २००३ अशी आमची कारकीर्द. गायक सिव्हिलचा, त्याला सगळे 'बुवा' म्हणत. कीबोर्डवर इलेक्ट्रॉनिक्सचा 'मास्तर'. गिटारवर मी. आणि ड्रमवर मेकॅनिकलचा 'घण्या'. हे नाव त्याला फर्स्ट इयरलाच मिळालं. वर्कशॉपच्या स्मिथीत घण मारताना गडी ठेका सोडायचा नाही. एक-दोन-तीन-दणका! जॉब बिघडायचा, पण ठेका बरोबर. बँडला नाव असं नव्हतंच. दर गॅदरिंगला निवेदक सुचेल ते नाव ठोकून द्यायचा.

सामान म्हणजे काय, तर एक सेकंडहँड गिव्हसन गिटार, मास्तरच्या मामानं दिलेला कीबोर्ड, आणि कॉटखालची पत्र्याची ट्रंक अधिक पालथी बादली, हा घण्याचा ड्रमसेट. खरा सेट गॅदरिंगच्या आदल्या दिवशी भाड्यानं यायचा. प्रॅक्टिस होस्टेलच्या गच्चीवर. लाइट गेली की आमची चंगळ, कारण मग कुणालाच जर्नल लिहिता यायचं नाही आणि जीटी मारायच्या काचेखालचा बल्बही बंद. सगळी विंग भडंगाची पुडी घेऊन वर यायची. २००१ साली 'दिल चाहता है' आला आणि पुढची दोन वर्षं आम्ही दुसरं काही वाजवलं असेल तर शपथ!

त्याच वर्षी गिटारचा ब्रिज उखडला. सांगलीत कुणी हात लावेना. मग मी आणि घण्या वडापनं मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. तुमच्यापैकी किती जण तिकडे गेलात? नसाल तर पुढच्या रविवारी नक्की जा. दहा किलोमीटर तर अंतर. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथं तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली, आणि आज देशभरातले गवई मिरजेचा तानपुरा मागतात. पंढरपूर भागातले भोपळे आणून, वाळवून, त्यातून हे वाद्य उभं राहतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आमची प्लायवूडची गिटार बघून तिथले चाचा आधी पोटभर हसले. मग ब्रिज चिकटवून दिला आणि तो वाळेपर्यंत आम्हाला जवारी कशी लावतात ते दाखवलं. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवला, आणि साधी 'टण्ण' करणारी तार एकदम बोलायला लागली. घण्याचा हात धरून त्यांनी भोपळ्यावर ठेवला आणि म्हणाले, "कानानं मागनं ऐक बेटा. आधी हातानं ऐक." घण्या बराच वेळ हात काढेना.

आता २०२४. संमेलनाचं ठरलं तसा आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप झाला. बुवा पुण्याहून, मास्तर मस्कतहून, मी ठाण्याहून. तिघांचे 'हो' आले. घण्यानं दुसऱ्या दिवशी लिहिलं : "येतो. पण वाजवणार नाही. कान गेले माझे."

घण्यानं चौदा वर्षं एका फोर्जिंग शॉपमध्ये काढली. म्हणजे नाव सार्थ केलं म्हणा ना! फोर्जिंग हॅमरजवळचा आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. आपल्याकडच्या कारखान्याच्या नियमात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल ही लॉगरिदमिक मोजणी, त्यामुळे ९० आणि १०० मध्ये फरक दहाचा दिसला तरी आवाजाची तीव्रता दहापट होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. इअरप्लगचा खोका सुपरवायझरच्या टेबलावर असायचा. पण घालणाऱ्याला बाकीचे हसायचे, आणि घामानं ते निसटायचेही. कानाच्या आतल्या बारीक केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आणि त्यांचं मरण दुखत नाही, हीच खरी गोम.

घण्यानं त्याचा ऑडिओग्राम ग्रुपवर टाकला. आलेख बऱ्यापैकी सरळ येतो आणि ४००० हर्ट्झच्या आसपास विहिरीत पडल्यासारखा खाली जातो. गोंगाटानं गेलेल्या कानाची ही अगदी ठरलेली खूण. स, श, फ, त ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती आधी जातात. त्यामुळे माणूस बोलतोय हे ऐकू येतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. घण्या लिहितो, "पोरगी 'सात' म्हणाली की 'हात' ते तिच्या तोंडाकडं बघून ठरवतो." झांजांचा तर प्रश्नच मिटला. हाय-हॅटची चिक-चिक त्याच्या जगातून निघून गेली होती.

तरी गडी आला. कानाला मशीन लावलेलं, केस पांढरे, हसणं तेच. शुक्रवारी दुपारी रिहर्सल होती. घण्याच्या जागी थर्ड इयरचा एक ड्रमर तयार ठेवला होता. पोरगा भलताच तयारीचा, आमच्यापेक्षा दसपट बरा. आम्ही दोन गाणी वाजवली. घण्या मशीन काढून समोर पायरीवर बसला होता. मशीनमधून ड्रमचा आवाज म्हणजे डोक्यात खिळे ठोकल्यासारखं होतं म्हणे. मधल्या सुट्टीत बुवानं कुणालाही न विचारता काठ्या त्याच्या हातात दिल्या. घण्यानं त्या परत केल्या. म्हणाला, "चुकलो तर तुमचीबी माती. नको लेका."

हे सगळं वर्कशॉपच्या सुतारकाम विभागातले मामा बघत होते. आम्हाला टेनन आणि मॉर्टाइज शिकवताना ते तरुण होते, आता रिटायरमेंटला आलेत. ते स्टेजवर चढले, बुटाची टाच दोनदा आपटली आणि म्हणाले, "हे सिमिट काँक्रीट हाय. ह्यातनं त्याला काय घंटा कळणार? लाकूड पायजे खाली."

आणि मग गच्चीवरचे दिवस परत आल्यासारखी पळापळ सुरू झाली. मामांनी वर्कशॉप उघडलं. सहा बाय चार फुटांची, आतून पोकळ, १९ मिलिमीटर प्लायची फळी. म्हणजे बुटकं व्यासपीठच. थर्ड इयरची पोरं करवत धरून, मास्तर फेव्हिकॉल लावतोय, मी स्क्रू शोधतोय. फळीखाली जुन्या ट्यूबचे रबरी तुकडे, म्हणजे कंपन काँक्रीटमध्ये न जिरता फळीतच राहील. ड्रम आणि घण्याचं स्टूल त्या फळीवर, आणि बेसचा स्पीकरही त्यावरच. बेस गिटार थर्ड इयरच्या पोरांनी दिली आणि वाजवणाराही त्यांचाच. बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. ती कानापेक्षा पोटाला जास्त कळते. स्कॉटलंडची एव्हलिन ग्लेनी जवळजवळ संपूर्ण बहिरी असून जगभर तालवाद्यं वाजवते, आणि वाजवताना बूट काढून ठेवते. मामांना ही बाई माहीत नव्हती. पण लाकूड माहीत होतं.

घण्यानं बूट-मोजे काढले. बेसवाल्यानं एक स्वर धरला. घण्याचा चेहरा मी वर्णन करत बसत नाही. तो एवढंच म्हणाला, "मिरजेचा भोपळा हाय की रं हा!"

रात्री दोन वाजेपर्यंत प्रॅक्टिस. बुवानं गाणं सुरू करताना घण्याकडे तोंड करून बोटांनी मोजायचं, मी माझा उजवा हात त्याला दिसेल असा उभा राहायचं, शेवट मास्तरच्या मानेवर. रेक्टर सर येऊन गेले. आमच्या वेळी असते तर चौघांना ऑफिसात उभं केलं असतं. हे चहा पाठवून गेले.

शनिवारचा कार्यक्रम. पहिली दोन गाणी व्यवस्थित. तिसऱ्यात कुणाच्या तरी पायात अडकून बेसची वायर निघाली. बाकीच्यांना नुसता आवाज थोडा पोकळ वाटला. घण्याच्या पायाखालचं मात्र सगळं गाणंच गेलं. त्याच्या काठ्या अर्धा क्षण हवेत थांबल्या. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं, पण एवढ्या प्रकाशात त्याला तो दिसत होता की नाही कोण जाणे. तेवढ्यात बाजूला उभा असलेला थर्ड इयरचा तो ड्रमर, ज्याच्या जागी घण्या बसला होता, गुडघ्यावर आला आणि तळहातानं फळीवर ठोका देऊ लागला. एक, दोन, तीन, चार. घण्यानं खाली न बघता ठेका परत पकडला. वायर जोडेपर्यंत आठ-दहा आवर्तनं ते पोरगं फळी बडवत होतं. प्रेक्षकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या!

रविवारी सकाळी घण्या परत जायच्या आधी वर्कशॉपमध्ये फायनल इयरच्या मेकॅनिकल-प्रॉडक्शनच्या पोरांशी बोलला. दहाच मिनिटं. भाषण नाही. ऑडिओग्राम हातोहात फिरवला आणि सांगितलं, "जॉब लागला की पहिल्या दिवशी सेफ्टी शूज सगळे घालता, कारण न घातले तर पाय तुटलेला दिसतो. कान तुटलेला दिसत नाही." एका मुलीनं विचारलं, "सर, कंपनीत प्लग घातल्यावर लोक हसले तर?" तिचा प्रश्न त्याला कळला नाही. तिनं तो फळ्यावर लिहिला. घण्यानं वाचला आणि खडू घेऊन खाली लिहिलं : "हसू दे. तुला ऐकू येतंय ना त्यांचं हसणं?"

पोरांनो, तुमच्यातले निम्मे शॉप फ्लोअरवर जाल, आणि सगळेच गॅदरिंगला स्पीकरसमोर नाचाल. मी काही उपदेश करणाऱ्यातला नाही. फोमचे प्लग वडापावपेक्षा महाग नसतात, एवढं सांगतो. थर्ड इयरचा तो ड्रमर आता प्लग घालूनच वाजवतो, असं परवा त्यानं कळवलंय. आणि ती फळी मामांनी मोडलेली नाही. सुतारकाम विभागात डाव्या हाताला, भिंतीला टेकवून ठेवली आहे. ज्याला लागेल त्यानं मागून न्यावी, आणि न्यायची तर दोघांनी न्यावी, जड आहे.