आधी टायर, मग बाकीचं

जाड टायरच्या गिअरवाल्या सायकलीला आमच्या वऱ्हाडात अजूनही सर्रास ‘रेंजर’ म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो. पहाटे छत्री तलावाकडे निघणारे नोकरदार, शिकवणीला जाणारी मुलं, अकोल्याहून नरनाळ्याच्या पायथ्यापर्यंत मजल मारणारी पोरं, यांतल्या बहुतेकांची सुरुवात दहा-पंधरा हजारांच्या अशाच सायकलीने होते. अमरावतीत सायकली जुळवण्या-दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. महागड्या सायकलीही हाताखालून गेल्या, पण जीव जडला तो या स्वस्त सायकलींवर. त्यांना सुधारायला वाव असतो, आणि त्या सुधारतात.

ही सायकल जन्मालाच आली ती सुधारणेतून. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरीन परगण्यातली काही तरुण मंडळी १९३०-४०च्या काळातल्या जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपाइसच्या परिसरातल्या मातीच्या उतारांवरून सुटायची. पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून ते नव्याने भरावं लागायचं. १९७६पासून अशाच एका उतारावर शर्यतीही होऊ लागल्या. गॅरी फिशरने आपल्या जुन्या सायकलीला ड्रम ब्रेक आणि गिअर बसवले. जो ब्रीझने १९७७मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. उताराने ब्रेक मागितला, चढाने गिअर मागितले, आणि जमिनीने जे मागितलं तेच या माणसांनी सायकलीला दिलं. स्वस्त सायकल निवडताना आणि वाढवताना मी आजही हाच नियम धरतो.

मग आपली जमीन काय मागते? पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते, आणि टायर व फ्रेम यांच्यात बोटभर जागा नसेल तर चाक जागीच अडतं. धुऱ्यावरच्या बाभळी-बोरीचे काटे आणि वाटेवरचे सराटे ट्यूब शिल्लक ठेवत नाहीत. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या सायकलीचं रबर लवकर कडक होऊन तडकतं. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने सायकल धुतली आणि पुसायची राहिली, तर चेनवर गंज धरतो. आणि उत्तरेला सातपुड्यात उभा आहे चिखलदरा, सुमारे ११०० मीटर उंचीवर. परतवाड्याहून वर जाणारा घाट सायकलीचं आणि माणसाचं खरं बळ सांगतो.

यातल्या एकाही मागणीला पुढच्या जाडजूड शॉकअपचं उत्तर नाही. दुकानात मात्र नजर पहिली तिथेच जाते. मुलं येतात आणि म्हणतात, “काका, समोरचा शॉकअप मोठा पाह्यजे.” मी म्हणतो, “बाबू, आधी हे टायर पाह्य.” स्वस्त शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग असते. दाबल्यावर ती उसळते, पण त्या उसळीला आवर घालणारी तेलाची किंवा हवेची यंत्रणा आत नसते. वजन मात्र साध्या फोर्कपेक्षा बरंच जास्त. मागेही स्प्रिंग असेल तर चढावर पायाचा जोर स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो आणि सांध्यांचे बुश झिजले की मागचं चाक लचकू लागतं. म्हणून या किमतीत मागचा शॉकअप नकोच. पुढे साधा फोर्क मिळाला तर आनंदाने घ्यावा.

निवडताना मी फ्रेम पाहतो, कारण बाकी सगळं बदलता येतं. दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिल्यावर वरच्या दांडीखाली मोकळी जागा उरली पाहिजे. मागचा गिअर ज्या कानावर लटकतो तो कान वेगळा काढता येणारा असावा. सायकल पडली की आधी तोच वाकतो, आणि वेगळा असेल तर फ्रेम वाचते. आज रिम ब्रेक असले तरी फ्रेमला डिस्क ब्रेक बसवायची जागा असावी. पायडलच्या एक्सलचे आटे आणि हँडलच्या नळीचं माप नेहमीचं असावं, म्हणजे सुटे भाग अमरावतीतही मिळतात. रिम लोखंडी नकोत. पावसात ओल्या लोखंडावर ब्रेक धरत नाही. दुहेरी भिंतीचे ॲल्युमिनियम रिम असतील तर चाक सहसा आउट होत नाही.

आता सुधारणा. पहिला पैसा टायरला. शेतरस्ते आणि पोहऱ्याच्या जंगलाकडच्या वाटांसाठी दूर दूर गोटे असलेला टायर हवा, कारण त्यातून काळी माती सुटून पडते. पण खरं बोलायचं तर आपल्या बहुतेक रेंजर डांबरावरच धावतात. अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची एक लेन सलग अंथरून विश्वविक्रम झाला. अशा सपाट रस्त्यावर मोठे गोटे नुसता जोर खातात. मधोमध गुळगुळीत आणि कडेला गोटे असलेला टायर दोन्हीकडे चालतो. आत काट्यांसाठी जाड पट्टी घालावी. जुन्या ट्यूबची कापलेली पट्टीही बरंच काम करते. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेतच भरावी.

दुसरा पैसा ब्रेकला. नवी केबल, तिचं नवं आवरण आणि चांगले पॅड, एवढ्यावरच मरगळलेला ब्रेक जागा होतो. केबलवाल्या स्वस्त डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो. तो स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणून बसवला नाही, तर लीव्हर दाबताना डिस्क वाकत राहते. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नये. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा.

तिसरा पैसा मागच्या फ्रीव्हीलला. २१ गिअरच्या सायकलीत पुढची लहान चकती बहुधा २४ दात्यांची आणि मागची मोठी २८ची असते. २६ इंची चाकाची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात तेव्हा पावणेदोन मीटर पुढे जाते. मागे ३४ दाती फ्रीव्हील बसवलं की तीच दीड मीटरच्या आत येते. चढावर एवढा फरक गुडघ्यांना लगेच कळतो. मात्र मागचा गिअर ३४ दाते पेलणारा आहे ना, ते आधी पाहावं, आणि चेनही नवी, पुरेशा लांबीची घालावी. जुनी चेन नव्या दात्यांवर नीट बसत नाही. चेनची झीज घरच्या फूटपट्टीनेही कळते. नव्या चेनचे २४ टप्पे बरोबर १२ इंच भरतात. ते सोळांश इंचाने वाढले, की चेन बदलायची वेळ झाली. उशीर केला तर ती दातेही खाते.

हे सगळं एकदम करायचं नाही, हे माझं आग्रहाचं सांगणं. एक भाग बदलावा, त्याच्यासह महिनाभर फिरावं, आणि मग दुसऱ्याकडे वळावं. पाच भाग एका दिवशी बदलले तर कुठल्याने काय साधलं ते पायाला कधीच कळत नाही. एकेक बदलला, की सायकल कुठे अडते आणि का अडते ते समजत जातं, आणि पुढचा पैसा बरोबर जागी पडतो. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठं ज्ञान नाही.

म्हणून सायकल घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. हातातले सगळे पैसे दुकानातच संपवू नका. चांगल्या फ्रेमची साधी सायकल घ्या, दोन-तीन हजार मागे ठेवा, आणि एक पावसाळा तिच्यावर फिरा. त्यानंतर काय बदलायचं, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.