दारामागची भिंत

कोथरूडमधला आमचा फ्लॅट 1986 सालचा. त्या काळच्या पुण्यातल्या बऱ्याच घरांसारखं आमचंही कपाट भिंतीतलंच: बेडरूमच्या भिंतीत सोडलेला खण, आत कडप्प्याच्या फळ्या आणि बाहेरून सागाच्या चौकटीत बसवलेली प्लायची चार दारं. पावसाळ्यात ही दारं फुगायची. आषाढात शेवटचं दार उघडायचं तर दोन्ही हातांनी जोर लावावा लागे. गेल्या वर्षी मी ठरवलं, आता दारं बदलायचीच.

खण सहा फूट रुंद आणि सात फूट उंच, म्हणजे 42 चौरस फूट. एका दुकानात काचेच्या सरकत्या दारांचा दर 1,500 रुपये फूट सांगितला, झाले 63,000. दुसरीकडे मरीन प्लाय, वर सनमायका, सॉफ्ट क्लोज बिजागऱ्या. दर 1,000, म्हणजे 42,000. दोन्ही कागद टेबलावर ठेवून मी आठवडाभर तुलना करत बसले.

चौरस फुटाचा दर ऐकायला सोपा असतो. गुणाकार केला की खर्च कळला असं वाटतं. पण जरा खोलात गेलं की एकेक गोष्ट बाहेर येते. प्लायची शीट आठ बाय चारची, 32 चौरस फुटांची. दीड फुटी दारं एका शीटमधून दोनच निघतात. चार दारांना दोन शीट लागतात. 64 फूट विकत घ्यायचं आणि 42 वापरायचं. उरलेले तुकडे कुणाचे, हे आधीच विचारून घ्यावं. तीच दारं दोन फुटी तीन केली तर दीड शीटमध्ये भागतं, पण मग रुंद दाराचा जास्त भार बिजागऱ्यांवर येतो. सनमायका फक्त बाहेरून लावला तर दाराला बाक येतो, म्हणून आतली बाजूही हिशेबात धरावी लागते. सरकत्या दाराचा ट्रॅक तीन-चार इंच जागा घेतो. आमच्या दोन फूट खोल खणात हँगरवरचे शर्ट दाराला घासले असते, आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडलं असतं.

एवढं सगळं मी वहीत मांडलं. तरी मुख्य प्रश्न माझ्या लक्षात आलाच नव्हता. तो वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे येणाऱ्या सुतारकाकांनी विचारला.

"ताई, खालचा खण रिकामा करा बघू."

खालच्या खणात आईच्या साड्या होत्या. ती गेल्यापासून मी त्या हलवल्या नव्हत्या. मलमलीत गुंडाळलेली तिची रेशमी नऊवारी काढली, तर घडीच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके. मी ती हातात धरून तशीच उभी राहिले. काकांनी आत वाकून कडप्प्यावर तळवा टेकवला, मग मागच्या भिंतीवर.

"दार बिचारं काय करणार? भिंत ओली आहे. पलीकडे बाथरूम ना?"

मग त्यांनी पटाशीच्या टोकाने चौकटीचा जुना रंग थोडा खरवडला. आत साग तसाच होता, पिवळसर, तेलकट. "हिला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "दारांच्या फळ्या आणि बिजागऱ्या बदलू. पण आधी भिंत सुकू द्या."

मी बदलायला निघाले होते ते दार गेली कित्येक वर्षं मला भिंतीची तक्रार सांगत होतं. उकळत्या पाण्यालाही टिकणारं, आयएस 710 मानकाचं ते मरीन प्लाय मी त्याच ओलीसमोर उभं केलं असतं. ते टिकलंही असतं. आतल्या साड्या टिकल्या नसत्या.

आम्ही आधी बाथरूमचं काम काढलं. गळका सांधा सापडला, फरशीच्या फटी नव्याने भरल्या. त्याचे 21,000 झाले. भिंत सुकायला दिवाळी उजाडली. मग जुन्या सागाच्या चौकटीत दारांच्या नव्या फळ्या बसल्या, त्याचे 17,000. बेरीज 38,000, म्हणजे सनमायकाच्या दारांपेक्षा फार कमी नाही. पण ते पैसे जिथे जायला हवे होते तिथे गेले, याचं समाधान मोठं आहे. आता कुणी मला कपाटाच्या दारांचा खर्च विचारला, तर मी दर सांगण्याआधी एवढंच म्हणते: खालचा खण रिकामा कर आणि भिंतीला हात लावून बघ.

नऊवारीवरचे ठिपके पूर्ण गेले नाहीत. ती साडी कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हती.

यंदा आषाढात चार दिवस सलग पाऊस लागला. संध्याकाळी मी शेवटचं दार उघडलं, ते एका बोटाने उघडलं. साडी बाजूला केली आणि कडप्प्यावर तळवा टेकवला. दगड गार होता, आणि कोरडा.