गाडी उचलायची की रस्ता?

जुलैतली गोष्ट. रात्री साडेदहाला वरच्या वाडीतून फोन आला. म्हाताऱ्या बाबांना छातीत दुखतंय, १०८ ची गाडी खालच्या फाट्यापर्यंतच येतेय. मी माझी जुनी थार काढली. शेवटच्या चढावर रस्ता म्हणजे नुसते दगड. त्यातल्या एकाने चेंबर फुटला, ऑइल सगळं रस्त्यावर. बाबांना पोरांनी झोळीतून फाट्यापर्यंत आणलं. वाचले, हे नशीब.

तेव्हाच ठरवलं, गाडी दोन इंच उचलून घ्यायची. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने हिशोब दिला: पाटे, शॉकप आणि बाकी किट ५८ हजार, मजुरी आणि अलाईनमेंट ९ हजार, मोठे पाच टायर ६५ हजार. एकूण १ लाख ३२ हजार. गाडी मी सेकंडहँड पावणेतीन लाखांना घेतलेली. तालुका वार्ताहराचं मानधन किती असतं, ते तुम्ही जाणताच.

आमच्या गावातल्या मिस्त्रीने मात्र वेगळंच समजावलं. "भाऊ, पाटे उचलले की बॉडी वर जाते. मागच्या एक्सलचा गोळा आहे तिथंच राहतो. तो फक्त मोठ्या टायरनेच वर येतो. आणि उंच झालेली गाडी घाटाच्या वळणावर जास्त कलते, हे पण बघा." म्हणजे ५८ हजार घालूनही तो गोळा दगडाला लागायचा तो लागणारच.

कायदाही वाचला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय उद्या अपघात झाला तर विम्यावाला आधी हाच बदल दाखवणार.

मग विचार केला, मी गाडी उचलली तरी वाडीतल्या बाकीच्यांचं काय? दूधवाल्याची मोटारसायकल कोण उचलणार? शाळेची पोरं तर चालतच जातात.

हा रस्ता प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला. काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते. फाट्यावरच्या फलकावर तारीख आहे. चौथं वर्ष चालू आहे.

शेवटी गाडीला खालून लोखंडी पत्रा ठोकून घेतला, साडेचार हजारात. आणि १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला: या चार वर्षांत देखभालीचं काय काम झालं, किती बिल निघालं, तपासणी कोणी केली? उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. आलं की इथेच टाकतो.

तुमच्या वाडीच्या रस्त्यावरचा फलक बघा. तारीख, रक्कम आणि फोटो कमेंटमध्ये टाका. अर्ज कसा लिहायचा, ते मी सांगतो.