लाभांशाची टक्केवारी आणि आजोबांची वही

१/ बाबा येत्या मार्चअखेर सेवानिवृत्त होत आहेत. निवृत्तिवेतन नाही; भविष्य निर्वाह निधीची जी रक्कम हाती येईल, तिच्यावरच आमचे मुलुंडचे घर चालायचे आहे. "जास्तीत जास्त लाभांश देणाऱ्या कंपन्यांची एक यादी करून दे गं," असे ते म्हणाले. मी टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने यादी केलीही. त्याच आठवड्यात आजोबांची जमाखर्चाची वही हाती आली. हा थ्रेड त्या वहीमुळे लिहीत आहे.

२/ आजोबा घाटकोपरच्या चाळीत राहत. वहीत दरवर्षी पावसाळ्यात एक नोंद येते : 'युनिटचा लाभांश'. तिच्याखाली शाळेची फी, छत्र्या, गणपतीचा खर्च. 'युनिट' म्हणजे कोणते, हे त्यांना लिहावे लागले नाही. त्या काळी ते सर्वांनाच ठाऊक होते.

३/ १९६३ च्या कायद्यान्वये भारतीय युनिट ट्रस्टची स्थापना झाली आणि जुलै १९६४ मध्ये 'युनिट योजना ६४' खुली झाली. लहान बचतदारांचा पैसा एकत्र करून तो समभागांत व रोख्यांत गुंतवायचा आणि उत्पन्न लाभांशरूपाने वाटायचे, ही कल्पना. पहिल्या वर्षीचा लाभांश ६.१ टक्के होता. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात तो २६ टक्क्यांवर पोहोचला.

४/ येथे थोडे थांबून गणित करू. हे २६ टक्के १० रुपयांच्या दर्शनी किमतीवर होते, म्हणजे प्रत्येक युनिटमागे २ रुपये ६० पैसे. समजा कुणी ते युनिट १६ रुपयांना घेतले असेल, तर त्याचे खरे उत्पन्न १६.२५ टक्केच. तेही चांगलेच होते. पण जाहीर झालेला आकडा आणि हाती पडलेला आकडा एक नव्हता.

५/ दुसरी गोष्ट अधिक गंभीर. युनिटचा खरेदी-विक्रीचा भाव ट्रस्ट स्वतः ठरवीत असे; ट्रस्टजवळील मालमत्तेच्या बाजारभावाशी तो बांधलेला नव्हता. काळाच्या ओघात योजनेतील समभागांचे प्रमाण निम्म्याहून वर गेले. बाजार पडला की मालमत्ता घटे, युनिटचा भाव मात्र खाली येत नसे. १९९७-९८ चा लाभांश २० टक्के जाहीर झाला आणि त्याच वर्षअखेरीस योजनेचा राखीव निधी उणे १०९८ कोटी रुपये असल्याचे उघड झाले. ज्याने केवळ लाभांश पाहिला, त्याला यातले काहीच दिसले नसते.

६/ २ जुलै २००१ रोजी युनिटांची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली. धारक होते सुमारे २ कोटी. ऑगस्टपासून ३००० पर्यंतची युनिटे १० रुपयांच्या भावाने परत करण्याची सोय झाली. जानेवारी २००२ मध्ये निव्वळ मालमत्ता मूल्य प्रथमच प्रसिद्ध झाले, तेव्हा ते ६ रुपयांहूनही कमी निघाले. २००३ मध्ये ही योजना संपली. त्या वेळी ६.७५ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे देण्यात आले.

७/ आजोबांचे काय झाले? त्यांनी १९९६ मध्येच सर्व युनिटे परत केली होती. 'बाबांना आधीच कळले होते,' असे आमच्या घरात आजही अभिमानाने सांगितले जाते. वही निराळे सांगते. त्या तारखेसमोर लिहिले आहे : 'मुलुंडच्या खोलीसाठी युनिटे मोडली. मन होत नव्हते.' ते वाचले ते घराच्या गरजेमुळे, दूरदृष्टीमुळे नव्हे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून ही दुरुस्ती करणे मला भाग आहे. नात म्हणून ती जड जाते.

८/ मग मी माझी यादी पुन्हा उघडली. अंधेरीत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या वेदांता कंपनीने २०२२-२३ मध्ये एका समभागामागे एकूण १०१ रुपये ५० पैसे लाभांश दिला. पुढच्या वर्षी तो २९ रुपये ५० पैसे होता. यात फसवणूक काही नाही. लाभांश देणे वा न देणे हा कंपनीचा अधिकार आहे. परंतु सरलेल्या वर्षाच्या आकड्यावरून पुढच्या वर्षाचा घरखर्च आखणारा माणूस अडचणीत आला असता. शिवाय भाव कोसळला की भागिले मोठे दिसते : १०० रुपयांच्या समभागावर ५ रुपये म्हणजे ५ टक्के, भाव ५० झाला की तेच १० टक्के. अशी कंपनी यादीत वर सरकते, ती बहुधा संकटात असताना.

९/ आता यादीत नवे रकाने आहेत. दहा वर्षांत प्रत्येक वर्षी किती लाभांश दिला? नफ्याचा कितवा हिस्सा वाटला? कर्ज किती? एखादा लाभांश एकदाच दिलेला, विशेष होता का? पहिल्या यादीतील वरच्या पाच नावांपैकी चार खाली गेली. बाबा थोडे हिरमुसले. "म्हणजे महिन्याला कमीच येणार की," म्हणाले. होय, कमीच येणार. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. ते १९९६ चे पान बराच वेळ पाहत बसले.

१०/ तुमच्या घरी अशा वह्या, युनिटांची प्रमाणपत्रे, लाभांशाच्या पावत्या असतील, तर रद्दीत देऊ नका. आजी-आजोबांसोबत बसून त्या वाचा, आणि पैसे का ठेवले, का काढले, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवा. सरकारी अहवालांत ते सापडत नाही.